डोक्याला करंट, हाताला रोबोट : एफडी मोडू का?

प्रश्न : नमस्कार मॅडम. माझे बाबा ६१ वर्षांचे, कराडला चाळीस वर्षं टेलरिंगचं दुकान. ९ महिन्यांपूर्वी पॅरालिसिसचा अ‍ॅटॅक आला, उजवी बाजू गेली. आता काठी घेऊन चालतात, बोलणंही बरंच परत आलंय, हात मात्र तसाच आहे. खांद्यातून थोडा उचलतो, कोपर वाकलेलं राहतं, मूठ घट्ट. अंगठा आणि पहिली दोन बोटं जरा उघडतात, तेही सकाळी सकाळी. जांभई दिली की मात्र हात आपोआप छातीपर्यंत येतो, आई म्हणते बघा, हातात जीव आहे. पुण्यातल्या एका सेंटरने पॅकेज सांगितलंय, आधी २० मिनिटं डोक्याला करंट आणि मग २५ मिनिटं रोबोटवर हात, असे २४ सेशन, १ लाख ४० हजार. करंटने मेंदू जागा होतो आणि मग रोबोटचा डबल फायदा होतो असं म्हणाले. आईच्या नावावर एफडी आहे, ती मोडावी का? बाबा रोबोट म्हटल्यावर एकदम खुशीत आहेत. बीपी कंट्रोलमध्ये आहे, हॉस्पिटलमध्ये असताना एकदा फिट आली होती, त्याची गोळी चालू आहे.
– बाबांची धाकटी, कराड

उत्तर :

ताई, तुमचं पत्र वाचता वाचता मी शेवटच्या ओळीवर अडकले, ती तुम्ही जाता जाता लिहिलीय, हॉस्पिटलमध्ये एकदा फिट आली होती. त्या सेंटरवाल्यांनी हे विचारलं का तुम्हाला? पत्रावरून तरी वाटत नाही विचारलं असेल. डोक्याला करंट द्यायच्या ज्या ट्रायल झाल्यात त्यातल्या बहुतेकांत फिटची हिस्टरी असलेला पेशंट घेतलेलाच नाहीये, आणि करंटऐवजी ते मॅग्नेटचं कॉइल वापरणार असतील तर फिटचा धोका ही त्यातली पहिली विचारायची गोष्ट. त्यामुळे एफडी वगैरे नंतर, आधी बाबांच्या न्यूरोलॉजिस्टना फोन करा, ते लेखी हो म्हणेपर्यंत डोक्याला काहीही लावून घ्यायचं नाही. पेसमेकर, डोक्यात क्लिप, प्लेट, कवटीचं ऑपरेशन यातलं काही असेल तर तेही सांगा. हे न विचारता जो पॅकेजचा रेट सांगतो त्याच्याबद्दल माझं मत काय असेल ते तुम्ही ओळखलंच असेल.

आता समजा न्यूरोलॉजिस्ट हो म्हणाले. तरी माझं उत्तर, या पॅकेजसाठी एफडी मोडू नका. का ते जरा सविस्तर सांगते कारण घरी आईला आणि बाबांना तुम्हालाच समजवायचंय, आणि बाबा खुशीत आहेत म्हणजे ते काम सोपं नाही.

मी डॉक्टर नाही हां, फिजिओ आहे, पण बावीस वर्षं न्यूरोचेच पेशंट बघतेय. ही करंटची गोष्ट मलाही सुरुवातीला फार भारी वाटली होती. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज, रबरी पट्ट्याने डोक्याला बांधायचे, एक बॅटरीवरची छोटी पेटी, करंट किती तर १ ते २ मिलिअँपिअर, म्हणजे अगदी किरकोळ. २००० साली जर्मनीत ग्योटिंगेनला नित्शे आणि पाउलुस या दोघा संशोधकांनी दाखवलं की मेंदूच्या हालचालीच्या भागावर काही मिनिटं असा करंट दिला तर तो भाग थोडा जास्त तयारीत येतो आणि करंट बंद केल्यावरही थोडा वेळ तसाच राहतो. यात करंट काही हात हलवत नाही बरं का, तो पेशींना फक्त जरा उंबऱ्यापर्यंत आणून ठेवतो, पुढचं पाऊल पेशंटनेच टाकायचं. मग लोकांच्या डोक्यात साहजिकच आलं की मेंदू असा तयारीत असताना हाताकडून भरपूर हालचाल करून घेतली तर दुधात साखर. आणि भरपूर हालचाल करून घ्यायला रोबोटपेक्षा चांगलं कोण, तो दमत नाही, कंटाळत नाही, चहाला जात नाही. म्हणून ही जोडी जमली. कल्पना खरंच चांगली आहे, सेंटरवाल्यांनी ती काही हवेतून काढलेली नाही.

पण ताई, छोट्या ट्रायलमध्ये चमकलेलं मोठ्या ट्रायलमध्ये टिकलं नाही. जर्मनीतच स्टेफान हेसे म्हणून मोठे रिहॅबचे डॉक्टर होते, त्यांनी २००७ मध्ये १० पेशंटवर करंट आणि हाताचं मशीन एकत्र करून बघितलं, त्यातले ३ जण चांगले सुधारले, सगळ्यांच्या आशा वाढल्या. मग त्यांनीच २०११ मध्ये ९६ पेशंटवर केलं, तीन गट, दोन गटांना दोन प्रकारे करंट आणि तिसऱ्याला खोटा करंट, मशीनवर हात मात्र सगळ्यांचाच. फरक शून्य. सुधारले सगळेच, पण करंटवाले जास्त सुधारले असं काही झालं नाही. अमेरिकेतही तीच कथा. २०१३ ला डझनभर पेशंटमध्ये दिसलं की रोबोटच्या आधी करंट दिला तर मनगटाची हालचाल जास्त सफाईने होते, सोबत किंवा नंतर दिला तर होत नाही. तुमच्या सेंटरचं आधी करंट मग रोबोट हे कुठून आलं असेल ते आता कळलं ना. तर याच लोकांपैकी काहींनी पुढे ७७ जुन्या पेशंटवर, जुने म्हणजे अ‍ॅटॅकला सहा महिन्यांच्या वर झालेले, म्हणजे तुमच्या बाबांसारखे, १२ आठवडे, ३६ सेशन, आधी २ मिलिअँपिअर करंट आणि मग रोबोट असं नीट करून बघितलं आणि २०१९ मध्ये छापलं. खरा करंट आणि खोटा करंट, दोन्ही गट सारखेच सुधारले.

खोटा करंट म्हणजे काय तर पेटी सुरू करायची, अर्ध्या मिनिटात बंद करायची, स्पंज डोक्यावर तसाच. सुरुवातीला मुंग्या येतात, खाज सुटते, आणि त्या खऱ्यातही येतात आणि खोट्यातही, त्यामुळे पेशंटला कळत नाही. म्हणून उद्या कोणी म्हणालं की बघा काकांना मुंग्या आल्या, करंट लागू पडला, तर हसून सोडून द्या.

मॅग्नेटवाल्या मशीनचंही थोडक्यात सांगते, कारण तेही तुम्हाला कोणीतरी सुचवेलच. ते वेगळं यंत्र, १९८५ मध्ये इंग्लंडमध्ये शेफील्डला अँथनी बार्कर यांनी काढलं, डोक्यावर कॉइल धरतात आणि टकटक आवाज येतो. त्याची १९९ पेशंटची मोठी ट्रायल २०१८ ला आली, त्यात खऱ्या मॅग्नेटचे ६७ टक्के आणि खोट्याचे ६५ टक्के पेशंट ठरलेल्या मापाइतके सुधारले. म्हणजे काय ते तुम्हीच बघा.

हे वाचून मन खट्टू करून घेऊ नका, कारण या सगळ्यात एक फार चांगली बातमी लपलीय आणि ती कोणी जाहिरातीत छापत नाही. खोटा करंट मिळालेले लोकसुद्धा सुधारले! सहा महिने, वर्ष, दोन वर्षं उलटून गेलेले. कशाने सुधारले? हात हलवल्याने. हजारो वेळा. आपल्याकडे तीन महिन्यांनंतर काही होत नाही असं सांगणारे पैशाला पासरी भेटतात, तुम्हालाही कोणीतरी सांगितलंच असेल. पहिल्या तीन महिन्यांत वेग सगळ्यात जास्त असतो हे खरं, पण नंतर गेट बंद होतं हे खोटं.

आता रोबोटबद्दल. एमआयटी-मॅनस नावाचा रोबोट, बोस्टनजवळच्या एमआयटीमध्ये होगन आणि क्रेब्स यांनी १९८९ पासून बनवायला घेतला. नाव ऐकून डोळ्यासमोर सिनेमातलं काहीतरी येतं, पण असतं काय, एक टेबल, त्याला एक लोखंडी हात, त्यात पेशंटचा हात बांधायचा, समोर स्क्रीनवर मध्ये एक गोल आणि भोवती आठ गोल. मधून बाहेरच्या गोलाकडे जायचं, परत मध्ये यायचं. पेशंटला जमलं नाही तर मशीन जमेल तेवढं पुढे ढकलतं. बस. त्याच्यावर २०१० मध्ये अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलांत १२७ पेशंटची ट्रायल झाली, एका सेशनमध्ये १०२४ हालचाली. आणि नेहमीच्या थेरपीत किती होतात माहितीये? कॅथरीन लँग या संशोधक बाईंनी अमेरिका-कॅनडातली सेशनं शेजारी बसून मोजली होती, तर हाताच्या कामाच्या हालचाली निघाल्या सरासरी ३२. हो, बत्तीस. मी ते वाचलं त्या आठवड्यात माझ्या स्वतःच्या सेशनला गुपचूप मोजल्या आणि आकडा कोणाला सांगितला नाही.

तर रोबोटची खरी ताकद तिथे आहे, मोजणीत. पण त्याच २०१० च्या ट्रायलमध्ये तिसरा एक गट होता, त्यांना रोबोट नव्हता, थेरपिस्ट माणूस होता पण हालचाली तेवढ्याच करून घेतल्या. ते रोबोटवाल्यांच्या बरोबरीनेच सुधारले. आणि २०१९ ला ब्रिटनमध्ये ७७० पेशंटची रॅटल्स नावाची ट्रायल झाली, हाच रोबोट, आठवड्यातून तीनदा ४५ मिनिटं, १२ आठवडे. तिथे हाताची हालचाल थोडी सुधारलेली दिसली पण कप उचलणं, ठोकळा उचलून फळीवर ठेवणं अशा कामाच्या परीक्षेत नेहमीच्या उपचारापेक्षा फरक पडला नाही. कारण सरळ आहे, मशीनमध्ये हात आठ गोलांकडे जायला शिकतो, बटण लावायला नाही शिकत. ते वेगळं शिकवावं लागतं.

मला आठवतं, एका सेंटरमध्ये मी काही महिने जात होते तेव्हा एक आजोबा यायचे, त्यांचा हात मशीनमध्ये बांधून अटेंडंट बाहेर निघून जायचा, मशीन आपलं हात पुढे-मागे करतंय आणि आजोबा मान टाकून मस्त घोरतायत. सेशन संपलं की बिलावर सही. असा रोबोट आणि घरचा पंखा सारखेच. पेशंटने स्वतः जोर लावायचा आणि कमी पडेल तिथेच मशीनने हात द्यायचा, तेव्हाच मेंदूला काही शिकायला मिळतं.

आता तुमच्या पॅकेजचा हिशोब मांडू. २४ सेशन, त्यातली २० मिनिटं करंट, बाबा नुसते बसलेले. राहिली २५ मिनिटं. २४ गुणिले २५ म्हणजे ६०० मिनिटं, म्हणजे १० तास. दहा तास हाताला व्यायाम मिळणार आणि त्याचे १ लाख ४० हजार, तासाला १४ हजार रुपये पडले. लंडनला क्वीन स्क्वेअरच्या न्यूरो हॉस्पिटलमध्ये निक वॉर्ड यांचा जो हाताचा प्रोग्रॅम आहे त्यात तीन आठवड्यांत ९० तास करून घेतात, २२४ पेशंटचं त्यांनी २०१९ मध्ये लिहिलं, बरेचसे जुने पेशंट, आणि सुधारणा सहा महिन्यांनंतरही टिकलेली. करंट नाही, बरेच तास आणि घाम. तुमच्याकडे घरी येणाऱ्या फिजिओचा रेट तुम्हाला माहिती असेलच, १४ हजारात त्यांचे किती तास येतात ते मोजून बघा. शिवाय पुण्याला राहायचं, यायचं-जायचं, आईची फरफट, हे त्या १ लाख ४० हजारात नाहीच धरलेलं.

तरी बाबांचं मन रोबोटवर बसलंच असेल तर सेंटरला जाऊन एवढं विचारा, आणि फोनवर नको, समोर बसून विचारा. करंट वगळून फक्त रोबोटचे सेशन मिळतील का आणि कितीला. एका सेशनमध्ये किती हालचाली होतात, स्क्रीनवर आकडा दिसतो, तो दाखवा म्हणावं. रोबोट खांदा-कोपराचा आहे का बोटांचा, कारण बाबांचं अडलंय मुठीत आणि मशीन जर खांदाच हलवणार असेल तर काय उपयोग, बोटांसाठी वेगळी मशीनं असतात, आपल्याकडे दिल्लीच्या आयआयटीतही मनगट आणि बोटांसाठीचं बनवलंय. आणि सुरुवातीला फ्युगल-मायर टेस्ट करणार का, हाताला ६६ पैकी मार्क देतात त्यात, पहिल्या दिवशी किती आणि शेवटच्या दिवशी किती हे कागदावर हवं. यातल्या प्रश्नांना 'मॅडम तुम्ही निश्चिंत राहा' असं उत्तर आलं तर चहा प्या आणि कराडची एसटी पकडा.

जांभईचं राहिलं. आईला सांगा ते खरं आहे, असं होतं, बऱ्याच पेशंटला होतं, पण ती हालचाल मेंदूच्या खालच्या भागातून येते, जांभईबरोबर येते आणि जांभईबरोबर जाते. त्यावरून हात येणार का नाही ते सांगता येत नाही. मला तुमच्या पत्रात आशा दिसते ती वेगळ्याच ओळीत, अंगठा आणि पहिली दोन बोटं सकाळी उघडतात तिथे. स्वतःहून उघडतात ना? मग ते सोनं आहे. शिंप्याला लागतात पण तीच तीन.

एक विनंती, तो मऊ स्माईली बॉल बाबांच्या हातात कोणी दिला असेल तर काढून घ्या. प्रत्येक घरात असतो तो. मूठ आधीच घट्ट आहे, तिला अजून मिटायची प्रॅक्टिस कशाला, आपल्याला उघडायचीय. मूठ फारच आवळत असेल, नखं तळहातात रुतत असतील तर न्यूरोलॉजिस्टना बोटॉक्सच्या इंजेक्शनचं विचारा, त्याने ताण उतरतो आणि मग उघडायच्या व्यायामाला जागा मिळते. इंजेक्शन घेऊन नुसतं बसायचं नाही एवढंच.

आता दुकानात चला. कटिंगचं टेबल आहे ना अजून? बाबांना त्याच्यासमोर खुर्चीवर बसवा, पाय जमिनीला टेकलेले, टेबल साधारण कोपराच्या उंचीला. टेबलावर खडूने मध्ये एक फुली आणि भोवती आठ खुणा, बाबांनाच डाव्या हाताने काढू द्या, त्यांचा खडू आहे. उजव्या हाताखाली घडी घातलेला गुळगुळीत अस्तराचा तुकडा, म्हणजे हात सरकेल. मधून खुणेकडे, परत मध्ये. झाला की तुमचा एमआयटी-मॅनस. मशीन जिथे ढकलतं तिथे तुम्ही ढकला, कोपराला खालून आधार देऊन, पण आधी त्यांना जोर लावू द्या, चार-पाच सेकंद थांबा, आपल्याला ते बघवत नाही आणि आपण लगेच हात पुढे नेतो, तसं करू नका. हात ओढायचा नाही, काखेत धरून उचलायचं तर अजिबात नाही, पॅरालिसिसचा खांदा सैल असतो, एकदा दुखायला लागला की महिनोन्महिने सगळंच थांबतं. पाठ पुढे झुकवून खूण गाठतायत का तेही बघा, बहुतेक जण तशी चलाखी करतात, पाठ खुर्चीला टेकलेली हवी.

सुरुवातीला दिवसातून तीन वेळा शंभर शंभर, दमले तर कमी, खांदा दुखला तर लगेच बंद. मोजायला जुना बटणांचा डबा घ्या, दर दहाला एक बटण या वाटीतून त्या वाटीत, आणि ते बटण उजव्या हाताच्या त्या तीन बोटांनी टाकायचं, पडलं तर पडू दे, कितीही वेळ लागू दे. मोठं कोटाचं बटण घ्या आधी, शर्टाचं नंतर. सकाळी बोटं उघडतात म्हणता तर हे काम सकाळीच ठेवा. कापड टेबलावर पसरून तळहाताने सुरकुत्या काढणं, इस्त्री पुढे सरकवणं हेही चालेल, इस्त्रीची वायर मात्र काढून कपाटात ठेवा, नुसतं स्विच बंद केलंय एवढ्यावर राहू नका, उजव्या हाताला चटका कळत असेल याची खात्री नाही.

हे मी लिहिलंय पण बाबांना बघितलेलं नाही, त्यामुळे तिथल्या एखाद्या न्यूरोच्या फिजिओकडून एकदा बसायची पद्धत आणि खांदा तपासून घ्या, महिन्यातून दोनदा त्यांनी बघितलं तरी पुरे. आणि आजच मोबाईलवर एक मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा, मूठ उघडताना आणि हात पुढच्या खुणेपर्यंत नेताना, मग सहा आठवड्यांनी त्याच खुर्चीवर, त्याच वेळी, परत एक. दोन्ही मला पाठवा. न्यूरोलॉजिस्ट फिटबद्दल काय म्हणाले तेही कळवा.